ते ॲप पुरं होऊ नये

नाई नाई, त्या फोनले हात नका लावू पाव्हने — राहू द्या तठीच, मी कपबशी इकडे ठेवते, हे घ्या. राग नका मानू. फोन माहाच आहे, पन माहा नाई — म्हनजे आमच्या संघपालच्या कामाचा आहे. तुमी पिंपळगाव राजावरून निंघतांनी फोन लावला, मी उचलला नाई, ते याच्याचमुयं. त्याच्यावर कोनाशी बोललं आन् काही भलतं दाबल्या गेलं, तं त्याचं काम तुटते. आत बसेल आहे ना तो, त्या लोटलेल्या दारामागं — येईन, येईन बाहेर. एवढ्या दुरून पोरगा पाहाले आले तुमी, तं येनार नाई काय? चहा घ्या.

काय काम करते? बरं झालं इचारलं. बायोडाट्यात नुसतं 'ॲप डेव्हलपर' लिहेल आहे, त्यानं कोनाले काय समजते? मले त्यानं सारं समजावून सांगतलं होतं, पुन्याहून आला तेव्हा, याच बाजेवर बसून. पाहा — फोन दोन जातीचे. एक आपले साधे, आन् एक ते सफरचंदवाले. दोघायची बोली अलग. पहिले एकच ॲप दोन डाव लिहा लागे, दोन अलग मानसं लागत. याच्याजवय काय आहे, अवजारायची पेटीच समजा — तिच्यात एकदा लिहिलं का ती पेटीच दोन्ही फोनचं ॲप काढून देते. कनिक एकदाच भिजवली, पोया दोन तव्यावर. आन् फोनची बटनं ती पेटी उसनी घेत नाई बरं — सारी स्क्रीन सोताच रंगवते, म्हनून दोन्हीकडे एकसारखं दिसते. डब्यात डबा, त्याच्यात अजून डबा — अक्षर बटनात, बटन रांगेत, रांग पानात. फक्त कॅमेरा पाहिजे, नाईतं घंटी वाजवाची आहे, तं मंग फोनले निरोप धाडा लागते आन् जबाबाची वाट पाहा लागते. मी म्हनलं बाप्पा, एवढ्याशासाठी अर्ज करा लागते काय! तं केवढा हासला. हासत होता तेव्हा.

पगार? चांगला आहे ना. म्हनजे — होता. आता कंपनी बदलून राह्यला तो. बदलून म्हनजे — आता काय लपवू, त्या कंपनीनं कमी केलं त्याले. एकट्याले नाई, लय पोट्टे घरी धाडले म्हने. सफरचंदवाला फोन कंपनीचा होता, तो परत घेतला. राह्यला हा माहा. पहिले पहिले रोज अर्ज टाके, मले सांगे माय आज तठी टाकला, आज इकडे टाकला. मंग अर्ज टाकनं बंद झालं, मंग आंघोय, मंग बोलनं. पन काम करते बरं का! काहीतरी सोताचं बनवून राह्यला. कोनासाठी? आता ते मले काय माहीत.

तिकडे काय पाहून राह्यले? पंखा? — हो, त्याच्याच खोलीतला आहे. दुरुस्तीले काढला, म्हनून कोपऱ्यात ठेवला. या थंडीत तसाही कोनाले पाहिजे पंखा... नाई. पाव्हने, पोरीचे बाप आहात तुमी, खोटं कायले बोलू. पंखा चांगला चालते. मीच काढाले लावला, गोपाल वायरमनले बोलावून. दाराची आतली कडीही काढली. काऊन काढली ते नका इचारू, माह्या तोंडून निंघत नाई ते. दार लोटून मी आत गेली का तो भिंतीकडे तोंड करून पडते, दोन दोन दिवस अन्नाले शिवत नाई. म्हनून जात नाई मी. ताट ठेवते आन् अठी येऊन बसते, या फोनसमोर.

तेच सांगत होती ना मी — ॲप बनवतांनी फोन आन् त्याचा कॉम्प्युटर वायफायवर जोडेल राह्यते. त्यानं आत एक शब्द बदलला का अठी या स्क्रीनवर तेवढंच बदलते, तवाच्या तवा. बंद करा लागत नाई, पुन्हा उघडा लागत नाई, होतं तठीच राहून बदलते. आता रंग हिरवा आहे ना? तुमी आले तेव्हा पिवया होता. काल लाल. कायचं ॲप आहे मले समजत नाई, एक बटन आहे आन् मांगं रंग आहे, बस. मले कायले पाहिजे ॲप! रंग बदलला का मले समजते, लेकरू उठेल आहे, बसेल आहे, हात हालून राह्यला त्याचा. भाकरी थापतांनी फोन समोर, न्हानीत गेली तरी हातात. एक दिवस सकायपासून पिवयाच. दुपार झाली, पिवयाच. दारावर हात ठेवला पन लोटाची हिंमत होईना. मंग हिरवा झाला, आन् तोंडात पदर कोंबून रडली मी. आन् त्यानंच सांगतलं होतं — ॲप एकदा पुरं झालं, लोकायसाठी बाहेर पडलं, का हे असं जोडनं तुटते. मंग आतून बोट हालवलं तरी अठी काही दिसत नाई. दुसऱ्या माया म्हनत असतीन, पोराचं काम लौकर पुरं होऊ दे. मी म्हनते, ते ॲप कधीच पुरं होऊ नये.

तुमची समता लय गोड आहे, फोटो पाह्यला मी. मले वाटलं, घरात पोरगी आली, बांगड्या वाजल्या, कोनी हाक मारली, तं तो निंघन बाहेर. मले नाई जमलं, तिले जमन. चूक आहे? हो, चूक आहे, समजते ना मले! तुमच्या लेकीले मी याच बाजेवर बसवाले निंघाली होती, हातात हा फोन देऊन. पन माय आहे मी पाव्हने, मले दुसरं काही सुचतच —

थांबा. बदलला. पांढरा झाला — पांढरा तं कधी केला नाई त्यानं. बटन गेलं. अक्षरं... पाहा ना, अक्षरं येऊन राह्यली! चष्मा — राहू द्या, दिसते मले. 'माय' — माय लिहिलं त्यानं! 'माय, पाव्हन्याले जाऊ दे.' आयकून राह्यला तो, आतून सारं आयकून राह्यला. अजून आहे खाली. 'मी आहो अजून. रोज सांगतो ना तुले.'

रोज सांगतो?... मंग ते रंग? त्याले ठाऊक होतं, मी पाहत बसते म्हनून? ॲप-बिप काहीच नोतं काय रे — मलेच दाखवत होता?

उठा पाव्हने. नाई, रागानं नाई म्हनत, पन उठा. समताले चांगलं घर पाहा, तिच्याजवय आमचं नाव नका काढू. चहा राहू द्या तसाच. दार हयूच ओढा मांगं. जयभीम. नाई — आता एक शब्द नका बोलू, तो लिहून राह्यला.