बगळ्याच्या पंखावर

(बुवापाडा, अंबरनाथ, १९८९. जेवणं आटोपली आहेत. चटईवर सुदाम, त्याची चौथीतली कुंदा आणि चार वर्षांची जनू.)

कुंदा : नको बाबा, तुम्ही नका धरू. पुस्तक मी धरते, तुम्ही नुसती गोष्ट वाचा.

सुदाम : अगं, काल मीच पानं उलटत होतो की. आणि जनूला का तिकडे बसवलंस, भिंतीपाशी?

कुंदा : बाईंनी सांगितलंय. शाळेचं पुस्तक आहे. आजच्या दिवस ठेव म्हणाल्या, पण जनूच्या हाताला लागू द्यायचं नाही.

जनू : मला बगळा बघायचाय!

सुदाम : ये गं, बस मांडीवर. काय चित्रं काढलीत, वा! तळ्यातलं पाणी बघ, हात घातला तर ओला होईल. आणि हा बगळा... अरे, ह्याच्या पंखावर हा गुलाबी डाग कसला?

जनू : मी नाही केला! ताईने बाईंना माझं नाव सांगितलं. बाई बालवाडीत येऊन मला ओरडल्या.

सुदाम : कुंदे, खरं का हे?

कुंदा : हो.

सुदाम : मग डाग पाडला कोणी? थांब, उजेडात धर जरा... हे तर माझं बोट आहे.

कुंदा : हो.

सुदाम : पण मी रंगाच्या कंपनीतनं ब्लीचिंग पावडरने हात घासून आलो होतो!

कुंदा : तेवढ्यापुरता जातो रंग. घाम आला की परत उतरतो. तुमच्या उशीची खोळपण गुलाबी होते. आई ती घरातच वाळत घालते, चाळीत कोणाला दिसू नये म्हणून.

सुदाम : असं होय. मला वाटायचं, बाहेर दोरीला जागा नसते... मग बाईंना सरळ सांगायचंस ना, बाबांचा हात लागला म्हणून.

कुंदा : सगळ्या पोरी समोर होत्या. बाईंनी विचारलं, एवढे घाण हात कोणाचे गं तुमच्या घरी? मला लाज वाटली.

सुदाम : माझी?

कुंदा : तुमच्या हातांची.

सुदाम : मलापण वाटते गं. तुझ्या नाथाकाकाच्या लग्नात मी पंगतीत चमचा मागितला, आठवतं? सगळे हसले, सुदाम लई साहेब झाला म्हणून. चारचौघांत भात कालवायची लाज वाटत होती, दुसरं काय.

जनू : मला आवडतो गुलाबी बगळा.

सुदाम : तू गप गं, माझे आई. पण कुंदे, माझ्यापायी ह्या एवढ्याशा पोरीने का बोलणी खायची? ते काही बरोबर नाही. उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी मीच शाळेत येतो नि बाईंना सांगतो.

कुंदा : उद्या? शाळेत?

सुदाम : काय झालं? नको येऊ?

कुंदा : या. पण बाबा... हात खिशात ठेवाल?

सुदाम : बरं. लेंग्याला एकच खिसा आहे. पँट घालून येतो.