चौथा दगड

नाशिकच्या स्टँडवर सुरगाण्याच्या बसची वाट बघत राखी बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारी, आणि वही उघडून बसलेला त्या म्हातारीचा भाचा.

"आत्या, ग्रामसभेत आपल्या पाड्याचा इतिहास वाचायचाय. पाडा वसला कधी?"

"पूल बांधला तवा. पुलाच्या कामाला आलेली सात घरं माघारी गेलीच नाय."

"मग ओस कसा पडला?"

"पोटापायी. पल्याड गुजरात, तिकडं काम. जाणाऱ्यानं पुलाखाली आपला दगड ठेवायचा, कायमचं माघारी आलं का उचलून उंबऱ्याशी न्यायचा."

"आता चारच उरलेत तिथं. पाणी आलं, शाळा झाली, लोकं परतली."

"चार? कोणाचे रे?"

"तिघं होळीला येतायत. चौथ्याचं कुणालाच माहीत नाही. फुटक्या जात्याचा तुकडा आहे."

"माझ्या आईचं जातं ते. आमी दोघं नवरा-बायको एकलहऱ्याला विजेच्या कारखान्यात कामाला गेलो तवा ठेवला."

"चाळीस वर्षं झाली, आत्या! आणि दर सणाला तर येतेस तू."

"पाहुणी येते, ती दगड उचलत नाय."

"कुणी फेकून कसा दिला नाही?"

"कोणाचा का असंना, माणूस मेल्याची खबर येत नाय तवर दगड कोण हलवतं?"

बस लागली. राखीनं म्हातारीची पिशवी उचलून दिली.

"आत्या, परवा सकाळची गाडी आहे परतीची. तुला चालेल ना?"

"तू जा तिनं. जायच्या आधी तेवढा दगडाला हात लाव. माझ्या एकटीच्यानं उचलायचा नाय."