मामाले विचारलेला शब्द

लेकरू सांगतलेलं ऐकत असलं तरी डोक्याले तापच हाय, मी सांगते तुम्हाले. शाळेच्या मीटिंगमध्ये म्हणे, पूर, आग, काही झालं अन् आईबापाऐवजी दुसरं कोणी न्याले आलं, तर लेकरानं आधी घरचा गुपित शब्द विचारावा. मी आमच्या ओवीले बजावलं, "सख्खा मामा आला तरी विचारजो."

परवा नाल्याले पूर आला, शाळा लवकर सोडली. मी पुलगावले अडकलेली, म्हणून भावाले पाठवलं. थोड्या वेळानं त्याचा फोन. "ताई, तुही पोरगी गाडीवर बसून नाई राह्यली. शब्द काय हाय?"

मलेच आठवेना. मागून ओवीचा आवाज आला, "आईले बी येत नाई? मंग फोनवरची आई बी खोटी."

तिकडं रस्त्यावर पाणी चढून राह्यलं, इकडं माह्या जिवाले घोर. शेवटी व्हरांड्यातली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मामा, भरीत म्हणा न." मामा भरीत म्हणाला, अन् ही मुकाट्यानं गाडीवर बसली.

घरी आल्यावर विचारलं, "काऊन वं, तो शब्द गुपित होता न?"

"हो न. म्हणून तं सगळ्या वर्गाले बजावलं, कोणाले सांगू नोका."