सभेचा हिस्सा

एवढी पानं घातली इच्यावर, अन् तोंडातून आवाज नाई निघत पोरीच्या. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, हळूच, पण मला ऐकू जाईल इतकंच हळू, आणि दुसरी बाई हसली. मी वळून पाहिलं नाही. काय सांगू तुम्हाला ताई, वळायचीसुद्धा लाज वाटली, कारण बोलणं खोटं नव्हतं. सभा सुरू व्हायची होती, लोक मोहाच्या झाडाखाली गोल करून बसत होते, तेंदूचा हंगाम नुकताच संपला होता आणि सगळ्यांची बोटं पानांनी काळी पडली होती, या वर्षी माझीही.

पानं घातली म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्यापासून आत, एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे चालायचं. भोवतीच्या जंगलाचा हक्क गावाच्या सभेकडे आहे, म्हणून तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, सभाच विकते. उन्हाळ्यात घरोघरचे लोक पानं तोडतात, पुडे बांधतात आणि फळीवर नेऊन देतात, फळी म्हणजे पुडे उन्हात मांडायची जागा. ज्याचे जेवढे पुडे तेवढी त्याची मजुरी, आणि विकून वर जे राहतं त्याला बोनस म्हणतात. तो बोनस वाटायच्या आधी सभा एक हिस्सा बाजूला ठेवते. ज्या म्हाताऱ्यांना जंगलात जाणं होत नाही त्यांचं त्यातून तेल-मीठ-तांदूळ चालतं, कोणी आजारी पडलं तर दवाखान्यापर्यंत गाडी होते, आणि एखाद्या पोराची शाळा. ते एखादं पोर म्हणजे मी.

मी लहान असताना बाबा तापाने गेले. आई धान लावायला जायची, पानं तोडायची, आणि मी शेजारच्या पार्वताबाईच्या अंगणात असायची. पार्वताबाईला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला. गुरुजींनी सभेत सांगितलं की ही पोरगी हुशार आहे, हिला चंद्रपूरला इंग्रजी शाळेत घाला, आणि सभेने घातलं. होस्टेलला पोचवायला आईसोबत पार्वताबाईच आली होती. तिथे मी इंग्रजी शिकले, बीकॉम झाले, आणि गप्प राहायलाही तिथेच शिकले, कारण पहिल्या आठवड्यात मी मला न म्हणता मले म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून माझं असं आहे, आधी वाक्य डोक्यात इंग्रजीत येतं, मग शाळेच्या मराठीत, मग गावच्या बोलीत, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

आता वर्ष झालं, मी घरी आहे. परीक्षा देते, निकाल येतात, त्यात मी नसते. रस्त्याने निघालं की कोणीतरी विचारतंच, काय बाई, लागली का कुठी? मी मान हलवते. कोणी वाईट बोलत नाही हो, पण बोअरवेलवर गेले तरी वाटतं की गाव आपल्याकडे बघून हिशेब करून राह्यलं आहे. झोप लागत नाही, वाचायला बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जावं कळत नाही. म्हणून यंदा आईसोबत पानं तोडायला गेले.

तिथेही तेच झालं. आमच्याकडे जंगलात बायका पांगल्या की मधूनमधून हाक देतात, हो ऽ ऽ अशी, आणि प्रत्येकीने उलट हो द्यायचा. वाघ-अस्वलाला कळावं की माणसं आहेत, आणि बायकांना कळावं की सगळ्या आहेत. मी झुडपात वाकून तोडत होते, हाक ऐकू आली, पण मोठ्याने ओरडणं काही जमलं नाही मला, वाटलं इतक्या जणी देतात, माझी एक नसली तर काय. थोड्या वेळाने पाहते तर सगळ्या बायका पानं टाकून, काठ्या घेऊन, रडत-ओरडत मला शोधत येत आहेत आणि आई सगळ्यात पुढे. त्यातल्या शांताबाईने माझा दंड धरून गदागदा हलवलं. मुकी आहेस का वो? तू वाघाच्या तोंडात जाशील अन् तुले पाहाले आमी बी जाऊ! त्या दिवशी कोणाचेच पुडे धड झाले नाहीत. घरी आल्यावर पार्वताबाई भिंतीला टेकून माझे सैल बांधलेले पुडे सोडून पुन्हा बांधत बसली. मी शिकत होते तेव्हा तीही दर उन्हाळ्यात पानं तोडायची, आता गुडघे गेले तिचे, साखरेचा आजार आहे, पण हात अजून चालतात.

तर सभा. बोनसचा विषय निघाला आणि मोरेश्वरभाऊ उभा राहिला. भाऊ वाईट माणूस नाही, त्याची पोरगी नागपूरला नर्सिंगला आहे, त्याला पैसे हवेत. तो म्हणाला, यंदापासून हिस्सा ठेवणं बंद करू, जेवढे पुडे तेवढा बोनस, सारा वाटून टाकू. काऊन म्हणता? आपण माचिस घेतली तरी सरकारले टॅक्स देतो, डिझेल भरलं तरी देतो. मग दवाखाना त्याचा, शाळा त्याची, म्हाताऱ्याची पेन्शन त्याची. आपण दोनदा काऊन भराचं?

लोकांना पटलं. मलाही क्षणभर पटलं, आम्ही कॉलेजात हेच तर शिकलो होतो, कर कशासाठी असतो ते. शांताबाई म्हणाली, दवाखाना फुकट हाय भाऊ, पन तो इथी नाई न. पावसात नाला चढला अन् गाडी नाई आली तवा तुझ्या बायकोले बाळंतपणाले कशानं नेलं? ट्रॅक्टरनं. अन् ट्रॅक्टरचं भाडं कोणं देल्लं? भाऊ म्हणाला, ते मान्य हाय, नाई म्हणत नाई मी. पन पेन्शन तर येते न म्हाताऱ्याईले? तर कोणीतरी म्हणालं, येते, कधी येते अन् कधी मशीनवर अंगठा लागत नाई म्हणून वापस जाते. मग भाऊ म्हणाला, अन् शाळेचं म्हणाल तं… आणि थांबला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

आमच्या सभेत हात वर करून ठराव होत नाही. गोलात एकेकाने तोंडाने सांगायचं, हो किंवा नाई. मान हलवलेली धरत नाहीत. आणि एकाचाही नाई असला तर विषय तिथेच थांबतो, पुढच्या सभेत पुन्हा बसायचं, तोवर बोनस कोणालाच नाही. म्हणून सहसा नाई कोणी म्हणत नाही, पेरणी तोंडावर असते, बियाणं घ्यायचं असतं.

सगळ्यात म्हातारे गणूकाका, त्यांनी सुरुवात केली. हो, हो, हो असं येत चाललं. शांताबाईने पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. आईने खाली बघून हो म्हटलं. मला आईचा राग नाही आला, तिला लोकांनी आयुष्यभर ऐकवलं आहे की तुझी पोरगी आमच्या जिवावर.

मग पार्वताबाई. माझ्या अगदी शेजारी होती. मला वाटलं ही नाई म्हणेल, हिचंच तर जाणार आहे, महिन्याचे तांदूळ, गोळ्या आणायला जाणारी गाडी. ती म्हणाली, हो. वाटून टाका बाप्पा. मी काय, बसून खाणारी. पोराबाळाच्या तोंडचं कशाले घेऊ? आणि हसली सुद्धा, जसं काही चहा नको म्हणते आहे. मोरेश्वरभाऊ काडीने माती उकरत होता.

आणि पाळी माझी आली.

खरं सांगते ताई, माझ्या डोक्यात सगळं इंग्रजीत तयार होतं, चांगली मोठी मोठी वाक्यं. पण मी ज्या हिश्श्यावर शिकले त्याच्यावर मी काय बोलायचं? मी नाई म्हटलं तर म्हणतील, खाऊन झालं, आता शिकवते. हो म्हटलं तर पार्वताबाई पुढच्या उन्हाळ्यात त्या गुडघ्यांनी जंगलात जाईल, ती जाईलच, मला माहीत आहे. मी मान हलवली. गणूकाका म्हणाले, मान नाई चालत बाई, तोंडानं सांग. मागून कोणीतरी हसलं, मघाची तीच असावी. पार्वताबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाली, म्हण न हो, अन् मोकळी हो.

तो काळा पडलेला हात पाठीवर होता. मी उभी राहिले. हाकेला उत्तर द्यावं तसा आवाज निघाला, गरजेपेक्षा कितीतरी मोठा, झाडावरची पाखरं उडाली.

मी म्हणाले, माझा नाई. पार्वताबाई बसून नाई खात, तिनं तोडलेल्या पानावर मी शिकली. आता मी तोडीन, तिचं बंद नका करू.