कोब्यातला दीर्घ ऊ

नाही पुसणार ही अक्षरं. — आवाज कशाला चढवतोस, उत्तम? बाहेर खुर्च्या मांडणारे ऐकतायत. पुसता येत असतं तरी पुसलं नसतं, आणि पुसता येतच नाही, ती निराळी गोष्ट. गेल्या सोमवारी माझ्या दारात येऊन काय म्हणालास? तुळसावहिनी, ड्रायव्हरनं संडासातलं ॲसिड ओतून गॅरेजचा कोबा धुतला, चमक गेली, पांढरा फटक पडला, आणि रविवारी तिथंच गिरणी कामगारांच्या घरांची सभा — अध्यक्ष कोण, तर तू! — लालबाग-परळात कोबा घोटावा तर तुम्हीच. म्हणालास ना? मग घोटला. सहा दिवस या गुडघ्यांवर. आधी जाडा दगड, मग बारीक, मग मेण. ती वरची ट्यूबलाइट बघ खाली कशी दिसतेय. तोंड बघ हवं तर.

अक्षरं मी आज नाही काढली रे. चोवीस वर्षं तिथंच आहेत, तुझ्या गाडीच्या चाकाखाली. संप फिसकटला त्या साली हा कोबा पडला. आम्ही चुली विझवून बसलो होतो आणि तुझा टेम्पो पहाटे गिरणीच्या मागच्या दरवाजानं संप फोडायला माणसं आत नेत होता — त्या टेम्पोच्या कमाईतून हे गॅरेज झालं. माझा हरेश्वर, गिरणीत अठरा वर्षं साचे चालवलेला माणूस, इथं तुझ्याकडे घमेली उचलायला आला. मीही आले. पोटाला काय लाज. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोब्यात हे दोन शब्द. तुझं नाव आणि पुढे नुसतं 'फुटला' — पण तेव्हा गिरणगावात आईवरची शिवी परवडली, फुटला म्हटलेलं नाही. हरेश्वरनंच लिहिलं म्हणून सगळ्यांसमोर कानाखाली वाजवलीस त्याच्या. पंधरा वर्षांनी मोठा होता तुझ्याहून. त्यानं खाली पडलेलं घमेलं उचललं. आणि वरून सिमेंटचा घोळ फिरवून घेतलास तो माझ्याकडून — त्यात पांढरं सिमेंट घाल म्हणालास, गाडी उभी राहिली की चमकलं पाहिजे. आता वरचा पापुद्रा दगडानं गेला, खाचांतलं पांढरं राहिलं. आणखी घासू? आणखी उजळेल. चमक तुलाच हवी होती, मला नव्हती.

त्यानंतर तो कुणाच्या दारात कामाला गेला नाही. खाटेवर बसून राहायचा, गाल चोळत. तिसऱ्या वर्षी गेला. तू हार घेऊन आला होतास — मोठा होता हार.

काय? — अडाण्याला तुझं नावसुद्धा नीट लिहिता आलं नाही, ऊ दीर्घ काढलाय? अरे, तेव्हा मी दीर्घच काढायची. संपाची पत्रकं जमवून, एकटीनं, चुलीपुढे गिरवलेली अक्षरं ती, ऱ्हस्व-दीर्घ सांगायला कोण होतं —

हो. मी.

हरेश्वर अंगठा उठवायचा. त्याला 'ह' येत नव्हता, तो 'फुटला' कुठून लिहिणार? गवंडी चहाला गेला आणि मी अंबाड्यातला आकडा काढून लिहिलं. सकाळी तू त्याची गचांडी धरलीस तेव्हा मी घमेलं घेऊन इथं उभी होते, या खांबाशी. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तुला कळलं असतं. आणि मी — माझी जीभ, जी अख्ख्या चाळीला पुरून उरते ती — टाळ्याला चिकटली. ती थप्पड माझी होती, उत्तम. म्हणून तू बोलावलंस तेव्हा कसलेही आढेवेढे न घेता दगड उचलून आले. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. तू विसरला होतास.

सतरंजी? मेण अजून ओलं आहे, चिकटून बसेल. खुर्ची ठेवतोस वर? चार पायांमधून वाचता येतं, जुन्या साचेवाल्यांना तर लांबूनही येतं. बघ, फाटकातून यायला लागलेच. आनंदीबाई पुढे आहे, तिचा नवराही त्या संपापायी गेला.

झाकायचंच असेल ना, तर त्या दोन शब्दांवर तू स्वतः उभा राहा, आणि सभा संपेपर्यंत पाय हलवू नकोस.