फक्त पाहणे

कडूबा: म्हंजी एका खेपेला भट्टीत किती नग घालायचे, ते मला उद्यापासून सॉफ्टवेअरात बदलता येणार नाय?

सावनी: नाही काका. तुमच्या नावापुढं आता ‘फक्त पाहणे’ आलंय. सगळ्यांचे अधिकार नव्यानं वाटलेत. यादी वरून आली, मी नुसती भरतेय.

कडूबा: बावीस वर्सं ह्या चितेगावच्या भट्टीवर काढली. आता नुसतं पाहू काय? पिच्चर हाय का?

सावनी: एप्रिलच्या लॉटमुळं झालं हे. ट्रॅक्टरच्या पिना नरम निघाल्या, सगळा माल परत आला. बारा तारखेला साठ नगांचे एकशेवीस केलेत, आणि तिथं तुमचं नाव आहे.

कडूबा: बारा तारखेला मी रजेवर व्हतो. गावात चार दिसांनी टँकर आला व्हता. घरी म्हातारी एकटी, हंडे कोण उचलणार?

सावनी: ते मी सांगितलं साहेबांना. म्हणाले, मग पासवर्ड दुसऱ्याला दिला, तो वेगळा गुन्हा.

कडूबा: दुसऱ्याला म्हंजी काय, सगळ्या शिफ्टला दिला व्हता. अकरा वर्सं. कंपनीनं बाकी कुणाला दिलाच नाय, मग काम काय बंद ठेवायचं? मोतीराम त्याच्यावर, शिवराज त्याच्यावर. तू शिकायला आलीस तवा तूबी त्याच्यावरच बसलीस.

सावनी: हो.

कडूबा: त्या दिवशी कोण बसलं व्हतं, ते नाय पुसलं साहेबांनी?

सावनी: विचारलं.

कडूबा: मग?

सावनी: मी म्हणाले, आठवत नाही.

(जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होतो. दोघंही उठत नाहीत.)

कडूबा: तू मला फोन केला व्हतास. म्या म्हणलं, माल इझवायच्या टाकीत आधी हात घालून बघ. टाकी अर्धी आसंल तर साठच घाल. कमी पाणी लवकर तापतं, मग पिना कडक व्हत नाय.

सावनी: पाणी किती तापलंय त्याचा काटा चाळीसच दाखवत होता.

कडूबा: काटा पाण्याच्या वर लटकत व्हता, पोरी. तो हवा मोजीत व्हता.

सावनी: डिस्पॅचवाले डोक्यावर बसले होते. काका, मी आत्ता जाऊन सांगते साहेबांना.

कडूबा: सांगशील?

सावनी: पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. घरात माझ्या एकटीचीच नोकरी आहे.

कडूबा: म्हंजी नाय.

सावनी: लाज वाटते हो मला. रोज क्रांती चौकातून बस निघाली की ठरवते, आज सांगायचं. गेट येईपर्यंत धीर सुटतो.

कडूबा: दोन महिने झाले. म्या रोज वाट बघितली, की तू सांगशील. भट्टी गेली त्यापेक्षा त्याचंच लई वाईट वाटलं मला.

(सावनी यादीतलं पुढचं नाव भरायला घेते.)

कडूबा: आकडा बदलायचा अधिकार आता कुणाला दिलाय?

सावनी: एकालाच.

कडूबा: कुणाला?

सावनी: मला.

कडूबा: बरं. दुपारचा लॉट लागायचाय. कंपनीचा सकाळचा टँकर आला नाय, टाकी अर्धीच हाय. साठ टाक.

सावनी: टाकले.

कडूबा: नाव कुणाचं आलं?

सावनी: माझं.

कडूबा: मग आता तरी टाकीत हात घालून ये.