उभ्याने वाजवायची नाही

आखातातल्या अल थुमामाच्या दवाखान्यात सरोज टोकन घेऊन बसली होती. शेजारी एक नवरा-बायको गप्पा मारत होते. या बाईला मराठी कळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“अगं, काल फुटबॉल वर्ल्डकपच्या स्टेडियमचं छप्पर पूर्ण झालं म्हणून मिरवणूक होती ना. आमच्या ऑफिसातल्या आयरिश कॉर्मॅकला मीच म्हटलं होतं, तुझी बॅगपाइप वाजवत सगळ्यांच्या पुढे चाल.”

“मग चालला?”

“कसला चालतोय! म्हणे, आमची पाइप बसूनच वाजवायची. काखेत भाता, मांडीवर बासरी. तोंडाने फुंकायचीसुद्धा नाही.”

“अगोबाई! अहो, आधी नाही का विचारायचं?”

“बॅगपाइप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लष्करी बँडच आला. साहेबांना सांगून बसलो होतो. तोंडचं पाणीच पळालं.”

“मग हो?”

“ऑफिसातली चाकांची खुर्ची आणली. त्याला बसवलं, म्हटलं यल्ला, चला, आणि मीच ढकलत निघालो. अख्खं पार्किंग फिरवलं. मागे तीनशे माणसं नाचतायत!”

“आणि तो?”

“त्याचे तर डोळेच भरले. वीस वर्षांत मिरवणुकीत पहिल्यांदा वाजवली म्हणाला. लगेच वडिलांना व्हिडिओ पाठवला. त्यांनीच शिकवलंय त्याला.”

सरोजचा नंबर पुकारला गेला. ती काही उठली नाही.

“खूश झाले असतील.”

“फोन आला ना! पहिला प्रश्न काय, तर, ‘उभा नाही ना राहिलास?’”